चालताना पोटरी धरते, थांबलं की सुटते: पायाच्या धमन्यांतले अडथळे

टाचटोक (धागालेखक)

पोटरी दुखायला कारणं ढीगभर असतात. धमनी अरुंद झाल्यामुळे होणाऱ्या दुखण्याची खूण मात्र अगदी ठळक असते, फक्त ती कोणी विचारत नाही. ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळल्यासारखी होते, माणूस थांबतो, नुसता उभा राहतो, आणि दोन ते पाच मिनिटांत, फार तर दहा मिनिटांत दुखणं ओसरतं. पुन्हा चालायला लागलं की साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा तेच. चढावर किंवा घाईत ते अंतर कमी होतं. बसावं लागत नाही आणि पहिल्याच पावलाला दुखत नाही. या दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर संशय दुसरीकडे न्यावा.

असं का होतं? बसलेल्या माणसाच्या पोटरीला रक्त थोडंच लागतं, तेवढं अरुंद धमनीही पुरवते. चालताना मागणी कित्येक पटींनी वाढते आणि अडथळ्यापलीकडे ती वाढ पोचत नाही. धमनीचा व्यास निम्मा झाला की आडवा छेद पावभर उरतो आणि तेवढ्या तुकड्यातला विरोध सोळा पट होतो. ‘पन्नास टक्केच तर आहे’ हे वाक्य म्हणून फसवं.

दुखतं तिथे अडथळा नसतो, तो एक मजला वर असतो. पोटरी दुखते तेव्हा बहुधा मांडीतली धमनी, मांडी किंवा कुल्ला दुखतो तेव्हा ओटीपोटातली, तळवा दुखतो तेव्हा गुडघ्याखालची. चालताना दोन्ही कुल्ले दुखणं, जांघेत नाडी न लागणं आणि पुरुषाला ताठरतेची अडचण हे त्रिकूट फ्रेंच शल्यविशारद रने लेरीश यांनी १९४० साली मांडलं. आजही तिसरी तक्रार एका दवाखान्यात सांगितली जाते आणि पहिली दुसऱ्या, त्यामुळे कोणी जुळवतच नाही.

मोजमाप, औषधं, चालणं, शस्त्रक्रिया यावर जाणकारांनी लिहावं.

कणा

मणक्याचा कालवा अरुंद झाला तरी चालताना पाय दुखतात, पण तिथे नुसतं उभं राहून बरं वाटत नाही. बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. असा माणूस हातगाडी ढकलत, वाकून, बराच लांब जातो आणि सायकल चालवताना त्याला त्रास होत नाही. उतारावर त्याला जास्त त्रास होतो, कारण कंबर मागे झुकते. धमनीवाल्याला चढावर जास्त. दुखणं कमरेतून खाली उतरतं आणि सोबत मुंग्या येतात. साठीनंतर दोन्ही एकाच माणसात असणं मुळीच दुर्मीळ नाही. एमआरआयमध्ये मणका खराब दिसला म्हणून पायाची नाडी बघायची नाही, ही चूक फार होते.

शिरांचं, म्हणजे नीलांचं दुखणं वेगळं. दिवसभर उभं राहून पाय जड होतो, सुजतो, वर ठेवला की हलका होतो. धमनीचा पाय वर ठेवला की उलट जास्त दुखतो.

टाचटोक

@कणा, बरोबर. रात्रीच्या दुखण्यातही हीच गल्लत होते. झोपेत पोटरीत येणारा गोळा, जो उठून पाय ताणला की जातो, त्याचा धमनीशी सहसा संबंध नसतो. धमनी फारच बंद झाली की रात्री चवडा आणि बोटं दुखतात, पोटरी नव्हे. माणूस पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवतो, कधी खुर्चीतच झोपतो, कारण गुरुत्वाकर्षणाने थोडं रक्त खाली उतरतं. लोंबकळून पाय सुजतो, लालसर दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की रक्त छान आहे. पाय ४५ ते ६० अंश वर उचलून एक-दोन मिनिटं धरा. पांढराफटक पडला आणि खाली सोडल्यावर हळूहळू गडद लाल झाला, तर तो लाली नसून दुष्काळ आहे.

पारदमापक

मोजमापाचं मी लिहिते. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब, म्हणजेच एबीआय. साधी परीक्षा, पण बिघडवायला सोपी.

माणसाला ५ ते १० मिनिटं सपाट झोपवा. आधीच्या दोन तासांत धूम्रपान नको. बसवून मोजलं तर पायात रक्ताच्या स्तंभाचा दाब मिसळतो आणि आकडा खोटाच वाढतो. पट्टा हातापायाच्या घेराच्या निदान ४० टक्के रुंद हवा. अरुंद पट्टा दाब जास्त दाखवतो. घोट्यावर त्याची खालची कड आतल्या हाडाच्या वर २ सेंटिमीटर. उघड्या जखमेवर प्लास्टिकचा थर ठेवूनच पट्टा बांधा.

स्टेथोस्कोप इथे कामाचा नाही. ८ ते १० मेगाहर्ट्झचा डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र), भरपूर जेल, कातडीशी ४५ ते ६० अंशांचा कोन. आवाज थांबला की पट्टा आणखी २० मिमी (पाऱ्याचा दाब) फुगवा आणि सेकंदाला साधारण २ मिमी या वेगाने सोडा. पहिला परत आलेला आवाज हा आकडा. भरकन सोडलंत तर खरा आवाज हुकतो आणि दाब कमी नोंदला जातो. पायाच्या पाठीवरची धमनी हाडावर उघडी असते, तिच्यावर प्रोब दाबला की ती आपल्याच हाताने बंद होते. नवशिक्यांचा ‘आवाज नाही’ हा शेरा बऱ्याचदा अंगठ्याच्या जोराने लिहिलेला असतो.

क्रम असा: एक दंड, त्या पायाच्या दोन धमन्या, दुसऱ्या पायाच्या दोन, मग दुसरा दंड. प्रत्येक पायाचा मोठा आकडा घ्या आणि दोन्ही दंडांपैकी मोठ्या आकड्याने भागा. उदाहरणार्थ दंड १४४ आणि १५०. उजवा पाय ९६ आणि १०२. डावा १४८ आणि १५६. उजवा १०२ भागिले १५० म्हणजे ०.६८. डावा १.०४. एकाच दंडावर भागवलं आणि नेमका तोच दंड स्वतः अरुंद धमनीचा निघाला, तर आजारी पाय निरोगी ठरतो.

१.०० ते १.४० ठीक, ०.९१ ते ०.९९ काठावर, ०.९० आणि खाली म्हणजे आजार. ०.४० च्या खाली गेलं की पाय धोक्यात.

उंबरठा

एक शंका. पायाला नाडी हाताला लागते आहे, मग एवढा खटाटोप कशाला?

पारदमापक

@उंबरठा, दोन कारणं. पहिलं, बोटाच्या टोकाला स्वतःचीच नाडी जाणवते. संशय आला तर दुसऱ्या हाताने आपलं मनगट धरून ठोके जुळतात का बघा. दुसरं, ओटीपोटातला मध्यम अडथळा विश्रांतीत नाडी आणि एबीआय दोन्ही शाबूत ठेवतो. तक्रार अगदी खास आणि आकडा मात्र ०.९८, असं असेल तर ट्रेडमिलवर चालवा: ताशी ३.२ किलोमीटर, १० ते १२ टक्के चढ, ५ मिनिटं. ट्रेडमिल नसेल तर उभ्याने टाचा वर-खाली, ५० पर्यंत. लगेच पुन्हा मोजा. एबीआय २० टक्क्यांहून जास्त किंवा घोट्याचा दाब ३० मिमीहून जास्त उतरला तर अडथळा आहे.

आणि उलटही खरं. पायाच्या पाठीवरची नाडी काही निरोगी माणसांत जन्मतःच लागत नाही. घोट्याच्या आतल्या हाडामागची नाडी जास्त भरवशाची.

सुईदोरा

मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर वरचे आकडे जपून वापरा. धमनीच्या मधल्या थरात चुना साठतो, ती पट्ट्याने दबतच नाही आणि एबीआय १.४० च्या वर जातं. काही वेळा तर अडथळा आणि कडकपणा एकमेकांना झाकतात आणि आकडा साळसूदपणे १.१० येतो! पायाच्या बोटाच्या बारीक धमन्या सहसा अशा कडक होत नाहीत, म्हणून अंगठ्याचा दाब घ्यावा. दंडाशी गुणोत्तर ०.७० किंवा खाली असेल तर आजार. नुसता अंगठ्याचा दाब ३० मिमीच्या खाली असेल तर जखम आपोआप भरेल ही आशा सोडावी. मोजताना पाऊल उबदार हवं, गार पावलात धमन्या आकसून आकडा खोटाच पडतो.

मधुमेहात अडथळे गुडघ्याखाली जास्त असतात आणि नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे ‘चालल्यावर दुखतं’ ही पायरी कधी येतच नाही. पहिलं लक्षण म्हणून थेट न भरणारी जखम येते. म्हणून मधुमेहीच्या पावलावरच्या प्रत्येक जखमेत रक्तपुरवठा मोजायचा. आधी मलम, मग बघू, असं नाही.

उंबरठा

घरच्या बीपीच्या यंत्राने घोट्यावर मोजलं तर चालेल का?

पारदमापक

नको. ती यंत्रं पट्ट्यातली थरथर ओळखून हिशेब करतात. घोट्यावर दाब कमी असेल तर चुकीचा मोठा आकडा दाखवतात किंवा एरर देतात. जिथे गरज, नेमकं तिथेच फसतात. एरर आली तर मात्र तिला बॅटरीचा दोष समजून सोडून देऊ नका.

गोळीबंद

औषधांबद्दल. आधी एक गैरसमज: गोळ्या पायासाठी नाहीत. पायात मेदाचा थर आहे म्हणजे हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही आहे असं धरायचं. चालताना पोटरी दुखणाऱ्यांपैकी पाय गमावणारे थोडे, हृदयविकाराने आणि पक्षाघाताने जाणारे त्याहून कितीतरी जास्त.

स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, पूर्ण मात्रेत: अॅटॉरव्हास्टॅटिन ४० ते ८० मिलिग्रॅम किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४०. ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे’ हे ती न देण्याचं कारण होऊ शकत नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, निम्म्याने खाली आणि निदान ७० च्या आत, युरोपीय शिफारशीप्रमाणे ५५ च्या आत. पुरत नसेल तर एझेटिमाइब जोडतात.

लक्षणं असतील तर रक्त पातळ ठेवणारी एक गोळी: क्लोपिडोग्रेल ७५ किंवा अॅस्पिरिन ७५ ते १००. रक्तस्रावाचा धोका कमी असेल तर अॅस्पिरिनसोबत रिव्हारोक्सबॅन २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, हा पर्याय २०१७ च्या कॉम्पास चाचणीनंतर आला. इथे चूक होते ती मात्रेची. हेच औषध १५ आणि २० मिलिग्रॅममध्येही मिळतं, ते वेगळ्या आजारांसाठी. चिठ्ठीवरचं दशांश चिन्ह नीट वाचा. वॉरफरिन ही रक्त न गोठू देणारी जुनी गोळी केवळ या आजारासाठी देऊ नये, त्याने रक्तस्रावच वाढतो.

चालण्याचं अंतर वाढवणारी गोळी एकच नाव घेण्याजोगी: सिलोस्टाझोल १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. जेवणासोबत घेतली की ती जास्त शोषली जाते आणि डोकेदुखी, जुलाब, धडधड वाढते. ओमेप्राझोल, डिल्टियाझेम, एरिथ्रोमायसिन चालू असेल तर मात्रा निम्मी. हृदय कमकुवत असण्याचं निदान कधीही झालं असेल तर ही गोळी अजिबात नाही, मग आत्ता कितीही बरं वाटत असो. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर बंद करा. पेंटॉक्सिफायलीन अजून चिठ्ठ्यांवर दिसते, पण तिचा उपयोग नगण्य. धमनीतला चुना विरघळवायचा म्हणून शिरेतून थेंबाथेंबाने दिली जाणारी किलेशन म्हणजे खिशाचा रक्तस्राव.

बीटा-ब्लॉकरने (हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उतरवणारी गोळी) पाय बिघडतो ही भीती जुनी आहे. हृदयासाठी लागत असेल तर चालतो.

चालरेषा

आता चालणं. ‘रोज चालत जा’ हा सल्ला म्हणजे ‘औषध घेत जा’ म्हटल्यासारखा, मात्रा न सांगता. मात्रा अशी.

आठवड्यातून निदान तीन दिवस, सुरुवातीला एकूण ३०-३५ मिनिटं, वाढवत ४५ ते ६०, किमान १२ आठवडे. वेग किंवा चढ असा ठेवा की ३ ते ५ मिनिटांत पोटरी दुखायला लागेल. दुखणं १ ते ४ मध्ये मोजा: १ म्हणजे आत्ता सुरू झालं, ४ म्हणजे पाऊल टाकवत नाही. १ ला थांबणारे लोक महिनोन्महिने चालतात आणि जागचे हलत नाहीत, ४ पर्यंत ताणणारे दुसऱ्या आठवड्यात सोडून देतात. २ ते ३ च्या दरम्यान थांबा, पूर्ण ओसरेपर्यंत उभे राहा किंवा बसा, मग पुन्हा. विश्रांतीची मिनिटं एकूण वेळेत धरलेली आहेत. सलग ८ ते १० मिनिटं जमायला लागली की आधी चढ किंवा वेग वाढवा, नाहीतर स्नायूला कामच उरत नाही.

फायदा साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात दिसतो. एबीआय फारसं हलत नाही, त्यामुळे ते बघून निराश होऊ नका. धमनी उघडत नाही. स्नायू त्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन काढायला शिकतात, धमनीचं अस्तर सुधारतं आणि चाल सुटसुटीत होते. सोडलं की महिन्या-दोन महिन्यांत कमाई उतरते.

चवडा रात्री दुखत असेल, जखम असेल किंवा छातीचं दुखणं अस्थिर असेल तर हा कार्यक्रम नको. गुडघे साथ देत नसतील तर हाताने फिरवायची सायकल वापरा. विचित्र वाटेल, पण तिनेही चालण्याचं अंतर वाढतं.

उंबरठा

एवढं करण्यापेक्षा धमनीत नळीने फुगा घालून, तो फुगवून एकदाच मोकळं केलं तर?

सुईदोरा

@उंबरठा, ‘एकदाच’ हा शब्द तेवढा काढा. चार्ल्स डॉटर यांनी १६ जानेवारी १९६४ रोजी पोर्टलंडमध्ये ८२ वर्षांच्या बाईची मांडीतली धमनी कॅथेटरने रुंद केली, कारण तिच्या पावलाला गँगरीन होतं आणि तिने पाय कापायला नकार दिला होता. पाय वाचवायला ही गोष्ट जन्मली. चालण्याचं अंतर वाढवायला ती वापरताना हात आखडता हवा.

कुठे अडथळा आहे यावर टिकाऊपणा ठरतो. ओटीपोटातल्या रुंद धमनीतल्या आखूड अडथळ्यात स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) वर्षानुवर्षं चालतो. जांघेतल्या धमनीत स्टेंट सहसा घालत नाहीत, कारण सांधा रोज दुमडतो आणि पुढच्या वाटाही अडतात. तिथे धमनी उघडून थर खरवडून काढणं उत्तम. मांडीतली धमनी चालताना पिळते, लांबते, दबते, म्हणून लांब अडथळा पुन्हा भरतो. औषधाचा लेप दिलेले फुगे आणि स्टेंट ते लांबवतात, थांबवत नाहीत. केवळ चालताना दुखतं म्हणून गुडघ्याखालच्या धमन्यांत फुगा घालू नये. ती बंद पडली तर आधी नुसतं दुखणं होतं, आता पाय धोक्यात, असा सौदा होतो. आधी १२ आठवडे चालणं, गोळ्या आणि तंबाखू बंद. मग तरी काम किंवा जगणं अडत असेल तर बोलू.

रात्रीचं दुखणं दोन आठवड्यांहून जास्त, न भरणारी जखम किंवा काळं पडलेलं बोट असेल तर हे सगळं उलटतं. तिथे चालण्याच्या कार्यक्रमात दिवस घालवू नका, रक्त पोचवणं हाच उपचार. बायपासला, म्हणजे अडथळा टाळून रक्ताला नवी वाट जोडायला, स्वतःच्या पायाची शीर सर्वोत्तम. झाँ क्युनलँ यांनी १९४८ मध्ये ती उलटी करून वापरली, कारण तिच्या झडपा वरच्या दिशेने उघडतात. २०२२ च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत चांगली अखंड शीर असलेल्यांना बायपास सरस ठरला, २०२३ च्या बेझिल-२ मध्ये गुडघ्याखालच्या अडथळ्यांत आधी फुगा सरस ठरला. दोन्ही खरं असू शकतं, रुग्ण वेगळे होते. म्हणून निर्णयाआधी शिरेचं सोनोग्राफीने मोजमाप हवंच. साधारण ३ मिमी व्यासाच्या खाली ती भरवशाची नाही. एक जोडून सांगतो: व्हेरिकोजसाठी, म्हणजे फुगलेल्या नीलांसाठी, हीच शीर लेसरने जाळली जाते. त्याआधी धमनी तपासा.

चालरेषा

तंबाखूवर कोणीच सविस्तर लिहिलं नाही. पन्नाशीच्या आतला, तंबाखूचं व्यसन असलेला, बोटांच्या टोकाला जखमा, मधुमेह नाही, कोलेस्टेरॉल बेताचं, असा माणूस दिसला तर बर्गरचा आजार आठवा. तिथे मेदाचा थर नसून बारीक धमन्यांचा दाह असतो. फुगा आणि बायपासला जागा क्वचितच मिळते, आणि तंबाखू पूर्ण सुटणं हाच उपचार. दिवसाला एक-दोन सिगारेटी सुद्धा आजार जागा ठेवायला पुरतात.

टाचटोक

तातडीचं वेगळं सांगतो. पाय अचानक दुखायला लागला, पांढरा आणि गार पडला, नाडी गेली, बधिर झाला, बोटं हलेनात: हा चालण्या-दुखण्याचा आजार नव्हे. अनियमित ठोक्याच्या हृदयातून सुटलेली गुठळी किंवा जुन्या अरुंद जागी नव्याने गोठलेलं रक्त. स्नायू साधारण सहा तास तग धरतात. चोळू नका, शेकू नका, पाय वर ठेवू नका, सकाळची वाट बघू नका. धमन्यांचा शल्यविशारद असलेल्या रुग्णालयात लगेच न्या. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन तिथे पोचताच सुरू होतं. नुसता बधिरपणा असेल तर तपासणीला थोडा वेळ असतो, हालचाल गेली की थेट शस्त्रक्रियागृह. रक्त परत आल्यावर पोटरी दगडासारखी ताठ झाली आणि बोट नुसतं ताणलं तरी असह्य दुखलं, तर आतला दाब वाढतो आहे. स्नायूंवरचं आवरण चिरून मोकळं करावं लागतं, तेही तासाभरात.

पट्टीवाली

पावलांची निगा. गरम पाण्याची पिशवी बंद, कारण भाजल्यावर रक्त वाढवून देण्याची कातडीची ताकदच नाही. पाण्याचा गरमपणा कोपराने बघा, पायाने नाही. नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका. कुरुपाची पट्टी लावू नका, तिच्यातलं आम्ल निरोगी कातडीही खातं. मलम टाचेला लावा, बोटांच्या बेचक्यात नको. बूट घालण्याआधी आत हात घाला.

कोरडं काळं बोट कोरडंच ठेवा. भिजवणं, ओली पट्टी, कात्रीने साफ करणं हे रक्तपुरवठा सुधारेपर्यंत करू नका. ओलं झालं, वास आला, लाली वर सरकली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय.

उंबरठा

सूज आहे म्हणून घट्ट मोजे चालतील?

पट्टीवाली

आधी एबीआय. ०.५ च्या खाली किंवा घोट्याचा दाब ६० मिमीच्या खाली असेल तर अजिबात नाही, मोज्याच्या कडेने कातडी मरते. ०.५ ते ०.८ मध्ये कमी दाबाची पट्टी, तीही तज्ज्ञाच्या नजरेखाली आणि रोज उघडून बघून. मधुमेहीचा १.३ आकडा बघून मोजा चढवू नका, वर सुईदोरांनी लिहिलंय त्या कारणाने.

पारदमापक

फुगा किंवा बायपास झालेल्यांसाठी एक जोड. घरी जाण्याआधी नवा एबीआय लिहून घ्या, पुढचं सगळं त्याच्याशी ताडायचं. बायपासची शीर पहिल्या वर्षात आतून अरुंद होते, म्हणून सोनोग्राफी साधारण १ ते ३, ६ आणि १२ महिन्यांनी. एबीआय ०.१५ हून जास्त उतरलं तर दुखणं नसलं तरी दाखवा. अरुंद शीर फुग्याने वाचते, बंद पडलेली क्वचितच.